तीन फेज, एक हिशोब

दिल्लीच्या मुनिरका गावात खेटून उभ्या बहुमजली इमारती, मजल्यामजल्यावर भाडेकरू. अशा इमारतीच्या थ्री-फेज जोडणीत दोन फेजमध्ये ४०० व्होल्ट, फेज-न्यूट्रलमध्ये २३०. तिन्ही फेजवर सारखा भार असेल तर शक्ती = १.७३२ × ४०० × अँपिअर × पॉवर फॅक्टर. २० अँपिअर आणि ०.९ धरले, तर सुमारे १२.५ किलोवॉट. १.७३२ म्हणजे √३; त्याऐवजी सरळ ३ने गुणले की २१.६ येतात, ही चूक फार होते.

पण मजले वेगवेगळ्या फेजवर असतील आणि उन्हाळ्यात एका मजल्यावर एसी आणि दुसऱ्यावर नुसता पंखा असला, की हे सूत्र चालत नाही. प्रत्येक फेजची शक्ती वेगळी काढून बेरीज करावी. अशा विषम भारात न्यूट्रल तुटला, तर कमी भाराच्या फेजवर व्होल्टेज चढून उपकरणे जळतात. न्यूट्रलचे जोड आधी तपासून घ्या.