खव्याच्या नमुन्याचे चार भाग

दिवाळीच्या तोंडावर अन्न व औषध प्रशासनाने खव्याचे नमुने घेतल्याच्या बातम्या येतात. पुढे त्या नमुन्याचे काय होते, ते मात्र क्वचितच छापून येते.

अन्न सुरक्षा अधिकारी खवा विकतच घेतो, गिऱ्हाइकाला पडतो त्याच भावाने. त्याचे चार भाग करून, सील लावून, दुकानदाराची सही घेतो. तपासणीपर्यंत खवा नासू नये म्हणून त्यात फॉर्मॅलिन घालतात. एक भाग अन्न विश्लेषकाकडे जातो, दोन भाग प्रशासनाच्याच पदावधित (डेझिग्नेटेड) अधिकाऱ्याकडे राखून ठेवतात. चौथा दुकानदाराने मागणी केली तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. विश्लेषकाने १४ दिवसांत अहवाल द्यायचा असतो आणि तो मान्य नसेल तर दुकानदाराला ३० दिवसांत अपील करता येते. राखीव भाग त्यासाठीच असतात. प्रामाणिक दुकानदारालाही या व्यवस्थेचा आधार आहे, हे मला महत्त्वाचे वाटते.

खव्यातला पाण्याचा अंश वगळून उरलेल्या भागात किमान ३० टक्के दुधाची स्निग्धता हवी. ती कमी भरली तर माल कमी दर्जाचा ठरतो आणि पाच लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. माल असुरक्षित निघाला तर प्रकरण फौजदारी न्यायालयात जाते.

या कारवाईत सरकारबाहेरचा एक माणूस लागतो, तो म्हणजे पंच. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ नुसार अधिकाऱ्याने कुणाला तरी हजर ठेवून त्याची सही घ्यायची असते. ओळखीच्या दुकानदाराविरुद्ध सही कोण करणार, कोर्टाच्या तारखांना कोण जाणार, या विचाराने लोक पाय मागे घेतात. ही भीती समजण्यासारखी आहे. पण त्या दुकानात रोज येणाऱ्या गिऱ्हाइकाइतका हक्काचा पंच दुसरा कोण?

अधिकाऱ्याची वाट न पाहताही आपल्याला बरेच करता येते. बिलावर १४ आकडी परवाना किंवा नोंदणी क्रमांक आहे का ते बघावे. परवान्याचा पहिला आकडा १ असतो, नोंदणीचा २. खव्यात पिठूळपणा जाणवला तर थोडा खवा पाण्यात उकळून, गार करून, त्यात टिंक्चर आयोडीनचे दोन थेंब टाकावेत. निळा रंग आला तर त्यात स्टार्च आहे.

शिवाय कायद्याचे कलम ४० आहे. खरेदी करतानाच दुकानदाराला तसे सांगून, शुल्क भरून, कोणताही ग्राहक आपला खवा अन्न विश्लेषकाकडून तपासून घेऊ शकतो. त्यात दोष निघाला तर शुल्क परत मिळते आणि विश्लेषक तो अहवाल पदावधित अधिकाऱ्याकडे पाठवतो. पुढची कारवाई त्याने करायची असते.