पाण्याचा रेटा
२४ ऑक्टोबर २०२४ च्या सकाळी भोसरीतल्या सद्गुरुनगरमध्ये बांधकाम मजुरांच्या वसाहतीतली पाण्याची टाकी फुटली. खाली अंघोळीला आलेल्या मजुरांवर ती कोसळली; ५ जण दगावले.

पाणी तळालाच नव्हे, भिंतीलाही रेटतं. एक मीटर खोलीवर दर चौरस मीटरला सुमारे १ टन, तीन मीटरवर ३ टन. काठोकाठ भरलेल्या टाकीची उंची दुप्पट केली, की भिंतीवरचा एकूण रेटा चौपट होतो आणि तिला बुडातून उलथवणारा जोर तर आठपट! वीट दाबाला खंबीर, ताणाला कच्ची. म्हणून सळया हव्यात, त्याही योग्य बाजूला.

इमारतीच्या खांबांचा हिशेब दहादा तपासला जातो. मजुरांच्या तात्पुरत्या टाकीचा बहुधा नकाशाच नसतो. खरी मेख इथे आहे. १९९६ च्या कायद्याने बांधकाम मजुरांचा निवारा आणि पाणी ही मालकाची जबाबदारी ठरवली. ब्रिटनने तर १९९४ च्या नियमांत आराखडा करणाऱ्यालाही बांधून घेतलं: धोका आधी कागदावरच टाळा, हेल्मेट नंतर.

भोसरी काय, चाकण काय, साइटवर एवढं तरी जमावं: टाकी बुटकी, पहिल्यांदा भरताना आसपास कुणी नाही, आणि नळ पाइप टाकून भिंतीपासून चांगले लांब.