ग्रुपवर हसणारे आणि गप्प बसणारे

राणीसावरगाव : शिवारात गेलं की हल्ली शेतकरी बांधव फवारणीच्या जोडीला पोरांच्या मोबाईलबद्दलही विचारतात. २०२० मध्ये कोरोनानं शाळा बंद पडल्या, अभ्यासासाठी घरोघरी मोबाईल आला. शाळा उघडल्या, मोबाईल पोरांच्या हातातच राहिला.

आपल्या गंगाखेड तालुक्यातल्या डोंगरपट्ट्यातून, तांड्यांवरून दिवाळीच्या सुमारास कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. पोरं आजी-आजोबांजवळ राहतात. समजा, अशा नववीतल्या एका पोराचा फाटक्या सदऱ्यातला फोटो कुणी वर्गाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकला, वर टोपणनाव ठेवलं. पूर्वीची चेष्टा शाळा सुटली की सुटायची. ही रात्री अंथरुणापर्यंत येते. आजीला मोबाईल कळत नाही, आई-बाप फडावर. सांगावं कुणाला? मग पोट दुखतंय म्हणून शाळा बुडते. गुलाबी बोंडअळीची गत अशीच, बोंड वरून हिरवंगार, फोडल्याशिवाय अळी दिसत नाही.

फोटो टाकणारा पुष्कळदा परका नसतो, त्याच वर्गातला असतो. समोर असता तर डोळ्यातलं पाणी बघून कदाचित थांबलाही असता. मोबाईलवर तोंडच दिसत नाही. पण मला विचाराल तर खरा प्रश्न ग्रुपमधल्या बाकीच्या चाळीस पोरांचा आहे. कुणी हसतं, कुणी पुढं पाठवतं, उरलेले गप्प.

फिनलंड देशात तुर्कू विद्यापीठानं 'किवा' नावाचा कार्यक्रम तयार केला. २००९ पासून तो तिथल्या शाळाशाळांत गेला. त्यात त्रास देणाऱ्याला समज देतातच, पण भर बघ्यांवर असतो. वर्गात ज्यांचा शब्द चालतो अशी दोन-चार पोरं शिक्षक निवडतात आणि सांगतात, याच्या सोबतीला राहा. याला ना निधी लागतो, ना जीआर. शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीत सरपंचांनी हा विषय जरूर काढावा.

मुलीचा फोटो जोडून अश्लील केला तर मात्र ती चेष्टा नव्हे. तो पोक्सो आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा गुन्हा आहे. करणारा सतरा वर्षांचा असला तरी बाल न्याय मंडळापुढं उभं राहावं लागतं. अशा वेळी काही पुसू नका, स्क्रीनशॉट ठेवा, पोलीस पाटलांना सांगा. सायबर तक्रारीसाठी १९३० आणि मुलांच्या मदतीसाठी १०९८ हे क्रमांक आहेत.

आणि पोरानं हिंमत करून घरी सांगितलं, तर पहिल्यांदा त्याच्याच हातातला मोबाईल हिसकावून घेऊ नका. पुढच्या वेळी ते सांगणारच नाही.