धुबरी : ब्रह्मपुत्रेच्या वळणावरचे सीमाबंदर

आसामच्या खोऱ्यातून पश्चिमेकडे वाहत येणारी ब्रह्मपुत्रा जेथे दक्षिणेला वळून बांगलादेशात शिरते आणि पुढे जमुना या नावाने ओळखली जाते, त्या वळणाच्या अलीकडे, नदीच्या उत्तर काठावर धुबरी हे शहर वसले आहे. १८७९ मध्ये तत्कालीन गोआलपाडा जिल्ह्याचे मुख्यालय येथे आले. पुढे बंगालमधून येणारी रेल्वे आणि नदीतून वर जाणाऱ्या आगबोटी यांची गाठ याच परिसरात पडू लागल्याने ताग, लाकूड आणि चहा यांच्या व्यापारात धुबरीला आसामच्या पश्चिम दरवाजाचे स्थान मिळाले.

१९४७ च्या फाळणीने हा दरवाजा जवळजवळ बंद केला. कोलकात्याकडे जाणारा जुना लोहमार्ग ज्या लालमणिरहाटवरून जात होता, ते स्थानक पूर्व पाकिस्तानात गेले, आणि आसामला उर्वरित भारताशी जोडण्यासाठी १९५० मध्ये सुरू झालेली नवी रेल्वे सिलिगुडीमार्गे फकिराग्रामला पोहोचत असल्यामुळे धुबरी मुख्य मार्गापासून दूर, एका फाट्याच्या टोकाला राहिले. १९६५ च्या युद्धात पूर्व पाकिस्तानातून होणारी जलवाहतूकही थांबली. एखाद्या शहराची पीछेहाट त्याच्या स्वतःच्या दोषाशिवाय, केवळ नकाशावरच्या रेषेमुळे कशी होते, याचे इतके स्पष्ट उदाहरण क्वचितच आढळते.

नदी मात्र तीच राहिली, आणि तिचा स्वभाव समजून घेतल्याशिवाय या बंदराचे आजचे प्रश्न उलगडत नाहीत. ब्रह्मपुत्रा प्रचंड गाळ वाहून आणते आणि एका पात्रात न राहता अनेक प्रवाहांत विभागते. या प्रवाहांच्या मधोमध गाळाची बेटे तयार होतात, त्यांना तेथे ‘चर’ म्हणतात. चरांवर वस्ती असते, शेती होते, आणि पुरात एखादा चर वाहून गेला की तेथील कुटुंबांना दुसऱ्या चरावर नव्याने घर उभारावे लागते. जहाजांचा मार्गही असाच दरवर्षी सरकतो. धुबरी ते सदिया हा ८९१ किलोमीटरचा टप्पा १९८८ मध्ये राष्ट्रीय जलमार्ग क्रमांक २ म्हणून घोषित झाला. त्यातील खालच्या भागात अडीच मीटर खोली राखण्याचे उद्दिष्ट आहे. त्यासाठी यंत्रांनी गाळ उपसला जातो, तसेच ‘बंडलिंग’ केले जाते, म्हणजे प्रवाहात बांबूचे तट्टे तिरके रोवून पाणी एका वाटेने वळवले जाते, जेणेकरून वेगाने जाणारे पाणी स्वतःच तळाचा गाळ खरवडून नेते. यंत्रांच्या जोडीला ही साधी युक्ती आजही उपयोगी पडते, हे विशेष म्हणावे लागेल.

भारत आणि बांगलादेश यांच्यात १९७२ पासून अंतर्गत जलवाहतुकीचा करार आहे. त्यानुसार ठरलेल्या ‘पोर्ट ऑफ कॉल’मध्ये, म्हणजे परदेशी जहाजांना थांबून माल चढवण्या-उतरवण्याची परवानगी असलेल्या बंदरांमध्ये, धुबरीचाही समावेश झाला. जुलै २०१९ मध्ये भूतानमधील फुंटशोलिंगहून ट्रकने आलेली सुमारे एक हजार टन खडी येथे जहाजात भरून बांगलादेशातील नारायणगंजला रवाना झाली. समुद्रकिनारा नसलेल्या भूतानचा माल भारतीय जलमार्गाने तिसऱ्या देशात जाण्याची ती पहिलीच वेळ होती. या व्यापाराचा विस्तार धुबरीच्या धक्क्यापेक्षा सीमेपलीकडच्या सिराजगंज-दैखोवा टप्प्याच्या खोलीवर अधिक अवलंबून आहे. म्हणूनच तेथील गाळ उपसण्याचा ८० टक्के खर्च भारताने आणि २० टक्के बांगलादेशाने उचलावा, असे ठरले.

धुबरी आणि मेघालयातील फुलबारी यांना जोडणाऱ्या सुमारे १९ किलोमीटर लांबीच्या पुलाची पायाभरणी फेब्रुवारी २०२१ मध्ये झाली. हा पूल दोनशे किलोमीटरहून अधिक लांबीचा रस्त्याचा वळसा वाचवेल. परंतु चरांवरील रहिवाशांना बाजार, शाळा आणि दवाखाना यांसाठी त्यानंतरही नावेचाच आधार राहील. ३० एप्रिल २०१२ रोजी याच जिल्ह्यात वादळात नाव उलटून शंभराहून अधिक जणांचा मृत्यू झाला होता. त्यामुळे मालवाहू जहाजांसाठी जितक्या तत्परतेने धक्के आणि खोली यांचा विचार होतो, तितक्याच तत्परतेने प्रवासी नावांची क्षमता, जीवरक्षक जॅकेट आणि हवामानाचा इशारा यांची व्यवस्था झाली पाहिजे.