विश्लेषण : मानसिक आजारावरील मालिका मुलांनी पाहाव्यात का? ‘१३+’चा शिक्का पुरेसा आहे का?

‘थर्टीन रीझन्स व्हाय’ ही अमेरिकी मालिका मार्च २०१७ मध्ये नेटफ्लिक्सवर आली. कथा एका शाळकरी मुलीच्या आत्महत्येभोवती फिरते. त्या प्रसंगाचे सविस्तर चित्रण नेटफ्लिक्सने जुलै २०१९ मध्ये तज्ज्ञांच्या सल्ल्यावरून काढून टाकले. मग असे विषय मुलांपासून दूरच ठेवावेत का?

वाद कशाचा?

मालिका आल्यानंतरच्या महिन्यात अमेरिकेत १० ते १७ वयोगटातील आत्महत्या वाढल्याचे २०१९ मधील एका अभ्यासात दिसले. मात्र, ही वाढ मालिकेमुळेच झाली, हे त्यातून सिद्ध होत नाही. नंतरच्या फेरविश्लेषणात त्या निष्कर्षाला आव्हानही मिळाले. तरीही आत्महत्येची पद्धत तपशिलात दाखवू नये, मदत घेऊन सावरणारी पात्रे दाखवावीत, असे जागतिक आरोग्य संघटना सुचवते.

भारतात नियम काय?

२०२१च्या माहिती-तंत्रज्ञान नियमांनुसार ओटीटीवरील मजकुराला यू, यूए ७+, यूए १३+, यूए १६+ किंवा ए अशी श्रेणी द्यावी लागते. १३+ आणि त्यापुढील श्रेणींसाठी ‘पॅरेंटल लॉक’ बंधनकारक आहे. चित्रपटांसाठीही २०२३च्या कायदादुरुस्तीने यूएचे असेच तीन गट केले. पण श्रेणी वय सांगते. आजार समजूतदारपणे दाखवला आहे की भीती वाढवण्यासाठी वापरला आहे, हे सांगत नाही.

मराठीत काय दिसते?

सुमित्रा भावे-सुनील सुकथनकर यांच्या ‘देवराई’त (२००४) स्किझोफ्रेनिया झालेला शेष आणि त्याला समजून घेणारी बहीण आहे. त्यांच्याच ‘कासव’मध्ये (२०१६) नैराश्यातील तरुणाला माणसांचा आधार मिळतो. या चित्रपटाला सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. दोन्हींत रुग्ण खलनायक नाही की चेष्टेचा विषय नाही.

पालकांनी काय करावे?

श्रेणीसोबतची आशयसूचना वाचावी. शक्यतो आधी स्वतः पाहावे, मग मुलांसोबत बसून पाहावे. पात्राला मदत कुठे मिळाली असती, यावर बोलावे. मूल आधीच अस्वस्थ असेल, तर वय बसत असले तरी थांबणे योग्य. फक्त बंदी घातली तर मूल तेच मोबाइलवर एकटे पाहील आणि मनातले प्रश्न विचारणार नाही.

मदत हवी असल्यास केंद्र सरकारची ‘टेलि-मानस’ हेल्पलाइन १४४१६ या क्रमांकावर २४ तास मोफत उपलब्ध आहे.