ट्रायथ्लॉनच्या सरावासाठी परगावचा मुक्काम : निवड कशी करावी ?

पोहणे, सायकल चालविणे आणि धावणे हे तीन क्रीडाप्रकार मध्ये न थांबता एकामागून एक पार पाडावयाचे, अशी ट्रायथ्लॉन ही स्पर्धा आहे. आधुनिक स्वरूपात ती २५ सप्टेंबर १९७४ रोजी अमेरिकेतील सॅन डिएगो येथे भरली आणि २००० सालच्या सिडनी ऑलिम्पिकमध्ये तिला स्थान मिळाले. ऑलिम्पिकमध्ये १.५ कि.मी. पोहणे, ४० कि.मी. सायकल आणि १० कि.मी. धावणे असे तिचे अंतर असते. आपल्या शेजारी गोव्यात २० ऑक्टोबर २०१९ रोजी प्रथम झालेली 'आयर्नमॅन ७०.३' ही स्पर्धा याहून लांब पल्ल्याची आहे. तीत १.९ कि.मी. समुद्रात पोहून ९० कि.मी. सायकल चालवावी लागते व त्यानंतर २१.१ कि.मी. धावावे लागते. महाराष्ट्रातील अनेक स्त्री-पुरुष आज अशा स्पर्धांची तयारी करीत आहेत.

तथापि या तयारीस लागणाऱ्या तिन्ही गोष्टी एकाच गावी क्वचितच मिळतात. कोकणात समुद्र आहे, परंतु तेथील गावोगावचे रस्ते अरुंद व वळणांचे आहेत. विदर्भ-मराठवाड्यात सरळ रस्ते आहेत, परंतु समुद्र फार दूर. मोठ्या शहरांत जलतरण तलाव आहेत, पण उजाडल्यानंतर सायकलस्वाराला मोकळा रस्ता मिळत नाही. म्हणून दोन-तीन आठवडे घर सोडून अन्यत्र मुक्काम करून सराव करण्याची पद्धत जगभर रूढ झाली आहे.

या मुक्कामाचा खर्च बहुधा घरचाच असतो. विद्यार्थ्याची सुटी, नोकरदाराची रजा आणि कुटुंबाने पोटाला चिमटा घेऊन बाजूला काढलेले पैसे त्यात जातात. जागेची निवड चुकली तर वर्षाची तयारी वाया जाते. पाण्याची किंवा रस्त्याची निवड चुकली तर प्रसंगी जिवावर बेतते. असे तरुण सल्ल्यासाठी शाळेतील शिक्षकांकडे, क्रीडा अधिकाऱ्यांकडे किंवा सरपंचांकडे येतात. त्यांना नेमके काय सांगावे, हे समजून घेणे त्यामुळे आवश्यक आहे.

प्रथम उणीव ओळखावी

नामांकित खेळाडू जेथे जातात तेथेच आपण जावे, अशी इच्छा होणे स्वाभाविक आहे. परंतु ते खेळाडू तेथे का जातात, हे पाहिले म्हणजे निवडीचे सूत्र हाती लागते. टोकियो ऑलिम्पिकची स्पर्धा २०२१ मध्ये झाली. तीत महिलांचे सुवर्णपदक मिळविणारी फ्लोरा डफी ही बर्म्युडा या लहानशा बेटाची रहिवासी होय. बेटावर समुद्र भरपूर, पण रस्ते ते किती असणार ! तिने दक्षिण आफ्रिकेतील स्टेलेनबॉश आणि अमेरिकेतील बोल्डर ही दोन ठाणी सरावासाठी निवडली. याउलट २०१२ व २०१६ या दोन्ही ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणाऱ्या इंग्लंडच्या ॲलिस्टर ब्राउनली याने आपला बहुतांश सराव यॉर्कशायरमधील लीड्स या आपल्या घरच्या परिसरातच केला. चढ-उताराचे रस्ते, जलतरण तलाव आणि धावण्यासाठी रानवाटा तेथे दारातच होत्या.

तात्पर्य, घरी जे मिळत नाही तेवढेच मिळविण्यासाठी बाहेर जावे. रत्नागिरीच्या तरुणाला दमट हवेची सवय उपजतच असते. त्याला हवा असतो कोरडा, लांब रस्ता. पुण्याच्या किंवा नाशिकच्या तरुणाला समुद्र आणि उष्मा हवा. नागपूरच्या तरुणाला उष्णता नवी नाही, परंतु लाटांची ओळख नाही. प्रत्येकाने आपली उणीव कागदावर मांडली, तर जागेचा अर्धा शोध तेथेच संपतो.

ऋतूचा हिशेब

दुसरी बाब म्हणजे स्पर्धेच्या तारखेपासून मागे मोजणे. गोव्यातील स्पर्धा ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास होत आली आहे. साहजिकच तिच्या तयारीचे सर्वांत कष्टाचे महिने नेमके पावसाळ्यात येतात. या काळात समुद्र खवळलेला असतो. महाराष्ट्राच्या किनाऱ्यावर १ जून ते ३१ जुलै यांत्रिक नौकांच्या मासेमारीसही बंदी असते. घाटात धुके आणि निसरडे, धरणांतून विसर्ग चालू आणि नद्या गढूळ, अशी स्थिती असते. पुराच्या किंवा साचलेल्या पाण्यात जखमी पायाने उतरल्यास लेप्टोस्पायरोसिससारख्या रोगाचे भय असते, ते वेगळेच.

यावर महाराष्ट्राच्या भूगोलातच उपाय आहे. महाबळेश्वरी वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तेथून पूर्वेस सुमारे ३० कि.मी.वर असलेल्या वाईस त्याचा पाचवा हिस्सादेखील पडत नाही. आणखी पूर्वेकडे फलटण, बारामती, इंदापूर, सोलापूर हा पर्जन्यछायेचा प्रदेश लागतो. येथे ऑगस्टमध्येही बरेच दिवस कोरडे जातात, रस्ते सपाट असतात आणि पश्चिमेचा वारा सायकलस्वाराची चांगली परीक्षा घेतो. म्हणून कोकणातील किंवा घाटमाथ्यावरील खेळाडूने ऑगस्ट-सप्टेंबरमधील मुक्काम या पट्ट्यात करावा. पठारावरील खेळाडूने आपला मुक्काम स्पर्धेपूर्वीच्या दोन आठवड्यांसाठी राखून किनाऱ्याकडे जावे. ही विभागणी बहुतेकांना लागू पडेल.

पाण्याची परीक्षा

तीन प्रकारांपैकी पाण्याची सोय सर्वांत दुर्मीळ, म्हणून जागेचा शोध पाण्यापासून सुरू करावा. १.९ कि.मी. म्हणजे ५० मीटरच्या तलावाच्या ३८ फेऱ्या आणि २५ मीटरच्या तलावाच्या ७६ फेऱ्या. आपल्याकडे ग्रामीण भागातील मुले पाठीला भोपळा बांधून विहिरीत पोहायला शिकतात. धीर येण्यासाठी विहीर उत्तम. परंतु अंतर व वेळ मोजून सराव करावयाचा तर तलावच हवा. विभागीय व जिल्हा क्रीडा संकुलांपैकी काही ठिकाणी तो आहे. पुण्यात बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी उभारलेल्या श्री शिवछत्रपती क्रीडा संकुलात ऑलिम्पिक मापाचा तलाव आहे. तलाव आहे एवढ्यावर मात्र समाधान मानू नये. तो पहाटे किती वाजता उघडतो, साप्ताहिक सुटी कोणत्या वारी असते, दुरुस्तीसाठी तो कधी बंद राहतो, बाहेरगावच्या व्यक्तीस अल्पमुदतीचा प्रवेश मिळतो काय आणि महिलांसाठी कोणत्या वेळा राखून ठेवल्या आहेत, हे आधी विचारून घ्यावे.

स्पर्धा समुद्रात असेल तर तलाव पुरेसा नाही. समुद्रात भिंत नसते व तळाशी रेषा नसते. डोके वर काढून दिशा पाहावी लागते. लाटेचा तडाखा व खारट पाण्याचा घोट सोसावा लागतो. पावसाळा संपल्यावर शांत उपसागराच्या ठिकाणी ही सवय करून घ्यावी. मालवणच्या चिवला किनाऱ्यावर सागरी जलतरण स्पर्धा भरतात, त्यामागे त्या किनाऱ्याचे हेच सुरक्षित स्वरूप आहे. किनारा निवडताना स्थानिक कोळी बांधवांचा शब्द प्रमाण मानावा. ओहोटीची ओढ कोठे आहे, खडक कोठे आहेत आणि जाळी कोठे लावलेली असतात, हे त्यांच्याइतके कोणी जाणत नाही. धरणाच्या जलाशयात संबंधित खात्याच्या परवानगीवाचून उतरू नये. काठचा गाळ व पाण्याखाली बुडालेली झाडे ही वरून दिसत नाहीत. एकट्याने पोहू नये, सोबत होडी असावी आणि पोहणाऱ्याच्या कमरेला रंगीत तरंगता फुगा बांधलेला असावा, हे नियम कितीही निष्णात जलतरणपटूस लागू आहेत.

रस्ता आणि मैदान

सायकलीसाठी किमान ३० ते ४० कि.मी.चा असा पट्टा हवा की ज्यावर वाहतूक विरळ आहे आणि चौक कमी आहेत. तो स्पर्धेच्या मार्गाशी मिळताजुळता असावा. मार्ग चढ-उताराचा असेल तर सपाट रस्त्यावरील सराव अपुरा ठरतो. पश्चिम महाराष्ट्रात एक विशेष खबरदारी घ्यावी लागते. ऑक्टोबर-नोव्हेंबरच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू झाला की उसाने भरलेल्या बैलगाड्या व जोडट्रॉल्यांचे ट्रॅक्टर दिवसरात्र रस्त्यावर असतात. सप्टेंबरात निर्वेध वाटणारा तोच रस्ता दिवाळीनंतर पहाटेच्या अंधारात धोक्याचा होतो. म्हणून मुक्काम ठरविण्यापूर्वी एक दिवस तेथे जाऊन, ज्या वेळी सराव करावयाचा त्याच वेळी तो रस्ता पाहावा. सायकलीचे सुटे भाग मिळणारे दुकान किती अंतरावर आहे, हेही त्याच फेरीत पाहून घ्यावे.

धावण्यासाठी डांबरी रस्त्यापेक्षा मातीची वाट किंवा शाळेचे मैदान गुडघ्यांना सोसवते. सावली, पिण्याचे पाणी आणि मोकाट कुत्र्यांचा उपद्रव नसणे, या तीन गोष्टी पाहिल्या म्हणजे पुरे.

उंची आणि उष्मा

थंड हवेच्या ठिकाणी सराव केला की दम वाढतो, असा समज आपल्याकडे दृढ आहे. त्याचे मूळ १९६८ च्या मेक्सिको ऑलिम्पिकमध्ये आहे. मेक्सिको शहर २,२४० मीटर उंचीवर असल्याने त्यापूर्वी फ्रान्सने सुमारे १,८५० मीटर उंचीवरील फाँ-रोमू येथे सराव केंद्र उभारले. विरळ हवेत प्राणवायूचा दाब कमी असतो. त्याची भरपाई करण्यासाठी शरीर तांबड्या रक्तपेशी वाढविते. १९९७ मध्ये अमेरिकेतील लेव्हिन आणि स्ट्रे-गंडरसन यांनी प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २,५०० मीटर उंचीवर चार आठवडे राहून १,२५० मीटरवर सराव करणाऱ्या धावपटूंची प्रगती अधिक झाल्याचे आढळले. नॉर्वेचे ट्रायथ्लॉनपटू स्पेनमधील सिएरा नेवाडा येथे सुमारे २,३०० मीटर उंचीवर मुक्काम करतात, तो याच कारणाने.

परंतु हा लाभ मिळण्यास साधारणतः २,००० मीटरहून अधिक उंची आणि तीन-चार आठवड्यांचा काळ लागतो. महाबळेश्वर सुमारे १,३७० मीटरवर आहे; महाराष्ट्राचे सर्वोच्च शिखर कळसूबाई हेही १,६४६ मीटरच भरते. म्हणजे आपल्या राज्यात या अर्थाने उंचीवरचा तळ नाहीच. उटकमंड मेक्सिको शहराइतक्या उंचीवर आहे आणि हिमाचल प्रदेशातील शिलारू येथे भारतीय क्रीडा प्राधिकरणाचे केंद्र आहे. तेथेही पहिले काही दिवस झोप नीट लागत नाही, वेग मंदावतो आणि शरीरात लोह कमी असल्यास नव्या पेशी तयार होत नाहीत. पहिल्या-दुसऱ्या स्पर्धेची तयारी करणाऱ्याने या खर्चात पडण्याचे कारण नाही. महाबळेश्वरास जावयाचे तर उन्हाळ्यात गारव्यासाठी अवश्य जावे. रक्तवाढीची आशा मात्र धरू नये.

उष्म्याची सवय ही त्या मानाने स्वस्त आणि हमखास फळ देणारी आहे. उष्ण हवेत रोज तास-दीड तास बेताचा व्यायाम केला, तर १० ते १४ दिवसांत रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते, घाम लवकर सुटू लागतो आणि हृदयावरचा ताण उतरतो. दमट हवेत घाम वाळत नाही, त्यामुळे अंग निवत नाही. गोव्यात अनेकांची शक्ती धावताना सरते ती यामुळेच. ही सवय काही आठवड्यांत ओसरते, म्हणून ती स्पर्धेच्या तोंडावरच लावून घ्यावी लागते.

राहणे, जेवण आणि झोप

सरावाची तिन्ही ठिकाणे निवासापासून अर्ध्या तासाच्या आत असावीत. प्रवासात गेलेला वेळ विश्रांतीतून वजा होतो आणि शरीर घडते ते विश्रांतीत. खोली तळमजल्यावर असली तर सायकल आत ठेवता येते. पहाटे निघालेला खेळाडू दहाच्या सुमारास भुकेलेला परततो, त्या वेळी बहुतेक खानावळी बंद असतात. तेव्हा जेवणाची वेळ आधी बोलून ठरवावी. भाकरी, उसळ, दूध, केळी, शेंगदाणे व अंडी एवढा आहार बहुतेक गावांत मिळतो आणि तो पुरेसा आहे. मुक्काम गणेशोत्सवाच्या दिवसांत येत असेल तर मंडपाशेजारची खोली टाळावी. दवाखाना जवळ असावा. मुलींच्या बाबतीत सुरक्षित निवास, कपडे बदलण्याची जागा आणि रस्त्यावर सोबत या गोष्टींची खात्री झाल्यावाचून मुक्काम ठरवू नये.

आणखी एक इशारा द्यावयास हवा. घरचे काम व नोकरी मागे राहिल्याने दिवसभर वेळ मोकळा मिळतो आणि उत्साहाच्या भरात सराव एकदम दुप्पट केला जातो. पायाच्या नळीची व गुडघ्याची दुखणी बहुधा अशीच जडतात. पहिले तीन दिवस हलका सराव, त्यानंतर क्रमाने वाढ आणि आठवड्यातून एक दिवस पूर्ण विश्रांती, हे वेळापत्रक निघण्यापूर्वीच लिहून काढावे.

यजमान गावाचा वाटा

असे खेळाडू ज्या गावी येतील त्या गावालाही थोड्या खर्चात पुष्कळ करता येईल. शाळेचे मैदान पहाटे उघडून देणे, रहदारी नसलेल्या रस्त्यावर किलोमीटरच्या खुणा रंगविणे, पोहण्यास योग्य व अयोग्य जागांचे फलक लावणे आणि अडचणीच्या वेळी धावून येणाऱ्या दोन-तीन व्यक्तींची नावे ग्रामपंचायतीच्या फलकावर लिहिणे, एवढ्याने सुरुवात होऊ शकते. घरगुती जेवण व निवास यांतून महिला बचत गटांस चार पैसे मिळतील. याहून मोठा लाभ असा की, बाहेरचा खेळाडू रोज पहाटे शिस्तीने सराव करताना गावची मुले पाहतील आणि त्यांतील काही त्याच्यासोबत धावू लागतील.

उणीव, ऋतू, पाणी, रस्ता आणि राहणे या क्रमाने विचार केल्यास बहुधा असे आढळेल की, योग्य जागा एस.टी.च्या चार-सहा तासांच्या प्रवासावरच आहे. दूरच्या नामांकित ठिकाणासाठी कर्ज काढू पाहणाऱ्या एखाद्या तरुणाला वेळीच एवढे सांगितले, तर त्याचे पैसे, रजा आणि क्वचित प्राणही वाचतील.