भोकं पाडलेलं धनुष्य

मिशिगनमधल्या एका गॅरेज सेलमध्ये, मासे धरायच्या जुन्या गळांशेजारी ते भिंतीला टेकवून ठेवलं होतं. साठ इंची, एकसंध लाकडी रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं धनुष्य. मुठीच्या वर लाकडाशी अगदी सपाट बसवलेलं पितळी नाणं, पात्यावर 'बेअर आर्चरी, ग्रेलिंग, मिशिगन' ही अक्षरं. बाण जिथून सुटतो त्या खाचेच्या कडेला स्क्रूची दोन भोकं होती आणि पुढच्या अंगाला कुणीतरी घरीच ठोकून बसवलेली पितळी बुश. "हे १९५३ चं आहे," विकणारा म्हणाला, "तसं लिहिलंयच त्यावर."

लिहिलेलं होतं खरं. पण बेअरच्या जुन्या धनुष्यांवर पेटंटच्या आकड्यांसोबत येणारं 'कॅनडा १९५३' हे कॅनडातल्या पेटंटचं साल आहे, धनुष्य बनल्याचं नव्हे. ही चूक इतकी सर्रास होते की विकत घेणाऱ्याने तिच्यासाठी तयार राहावं. फ्रेड बेअर यांनी १९३३ साली डेट्रॉइटमध्ये सुरू केलेला उद्योग १९४७ मध्ये ग्रेलिंगला आला आणि १९७८ मध्ये फ्लोरिडातल्या गेन्सव्हिलला गेला. नाणं १९७२ पर्यंत लाकडात सपाट बसवत, १९७३ पासून ते उठावाचं झालं. गावाचं नाव, नाण्याचा धातू, त्याची बैठक, एवढ्यावरून माझ्यासमोरचं धनुष्य साठच्या दशकातलं ठरत होतं.

आता त्या भोकांचं काय करायचं? संग्राहकाला विचाराल तर तो हळहळेल, आणि त्याचं बरोबरच आहे. त्याला कारखान्यातून निघाली तशी वस्तू हवी असते: मूळ लाखेची चमक, न पुसलेली अक्षरं, अभंग लाकूड. भोक बुजवता येतं, त्याच जातीच्या लाकडाची खुंटी बसवून पॉलिशही करता येतं, पण अस्सलपणा परत येत नाही. उलट बुजवलेलं भोक लपवून धनुष्य विकणं ही सरळ फसवणूक. म्हणून पॉलिश नवं दिसलं की मी आधी अक्षरांच्या कडा पाहतो. बुशच्या बाबतीत मात्र घाई करू नये. त्या काळच्या काही मॉडेलांत ती कारखान्यातूनच बसून येई. तिथे ती मध्यरेषेवर आणि नीट समतल असते. इथली किंचित तिरकी होती.

तरी ज्याने ही भोकं पाडली त्याला मी दोष देत नाही. साठच्या दशकात लाकडी धनुष्यावर नेम धरायची साइट लावायची तर स्क्रू मारणं हा साधा, रूढ मार्ग होता. ती बुश ज्यासाठी, तो स्टॅबिलायझर, म्हणजे धनुष्य स्थिर ठेवणारा पुढचा दांडा, तेव्हा नवाच होता, धनुष्यं बनवणाऱ्या अर्ल हॉइट यांनी तो १९६१ मध्ये आणला. साताऱ्याच्या तिरंदाज प्रवीण जाधवला आपण टोकियो ऑलिम्पिकमध्ये पाहिलं. त्या स्पर्धेतल्या रिकर्व्हला या सगळ्या सोयी आधीपासूनच असतात. तेव्हाच्या तिरंदाजाला त्या स्वतः कराव्या लागत.

तिरंदाजीसाठी घ्यायचं असेल तर प्रश्नच बदलतो. मधला जाड भाग, रायझर, वाकत नाही. त्यातली दोन बारीक भोकं सहसा काही बिघडवत नाहीत. वाकतात ती पाती. मेपलच्या पातळ पट्ट्यांना दोन्ही अंगांनी फायबरग्लास चिकटवून ती बनतात, आणि खरी परीक्षा तिथे असते. मी कापसाचा बोळा पात्याच्या दोन्ही कडांवरून सावकाश फिरवतो. जिथे तंतू अडकतो तिथे काच उचकटलेली असते किंवा थर सुटू लागलेला असतो. मग टॉर्चचा उजेड तिरका टाकून पाहतो. लांबीच्या दिशेने गेलेल्या बारीक रेषा बहुधा वरवरच्या असतात, पण पात्याला आडवा गेलेला तडा दिसला तर धनुष्य तिथेच खाली ठेवावं.

सर्वांत घातक फेरफार डोळ्यांना दिसतच नाही. ताण कमी करायला किंवा जुनं पॉलिश काढायला कुणी पाती घासलेली असतात. पात्याचा ताठरपणा जाडीच्या घनाने बदलतो: एकजिनसी पट्टीची जाडी दहा टक्के घटली तर ताठरपणा सत्तावीस टक्के जातो. इथे तर घासली जाते ती सर्वांत बाहेरची, सर्वांत जास्त भार पेलणारी काच. म्हणून धनुष्यावर लिहिलेल्या ताणाच्या पौंडांवर विसंबू नये, अठ्ठावीस इंचांपर्यंत खेचून काट्यावर मोजावं.

दोरी चढवताना स्ट्रिंगरच, म्हणजे दोन्ही टोकांत अडकवून धनुष्य वाकवायचा दोर, वापरावा. पायात अडकवून वाकवायच्या पद्धतीने कित्येक चांगल्या पात्यांना पीळ पडलाय. चढवल्यावर मागून पाहावं, दोरी दोन्ही पात्यांच्या मध्यावरून गेली पाहिजे. हलका पीळ गरम पाण्याचा शेक देऊन, उलट दिशेला हळुवार वळवून निघू शकतो. आणि दोरी डॅक्रॉनचीच, साठ इंचीला छप्पन्न इंची. आजच्या न ताणणाऱ्या दोऱ्यांचा धक्का त्या काळच्या टोकांना सोसत नाही. बाणाशिवाय खेचून सोडणं तर कधीच नको.

माझ्या हातातल्या धनुष्यावर पंचेचाळीस पौंड लिहिलं होतं, घरी काट्यावर चव्वेचाळीस भरलं. कापूस कुठे अडकला नव्हता, पाती सरळ होती. काचेच्या कपाटात ठेवायला कुणी मागितलं असतं तर मी 'घेऊ नका' म्हणालो असतो. चालवण्यासाठी मात्र असं धनुष्य कुठे दिसलं तर भोकांमुळे पाडलेल्या किमतीत ते जरूर घ्या, आणि ती भोकं बुजवू नका.